तीन नंबरचा बावटा

देशावरच्या मुलीला वारा एकच माहीत असतो. तो सुटतो किंवा पडतो, एवढंच. लग्न होऊन रत्नागिरीला आले आणि महिन्याभरातच कळलं, की इथे वाऱ्याला नाव आहे, वेळ आहे आणि स्वभावही आहे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई, दुपारी समुद्रावरून येतो तो खारा. भूगोलात हे दोन्ही मी घोकले होते. पण दोरीवरचे वाळलेले कपडे दुपारी तीननंतर पुन्हा दमट होतात, मिठाच्या बरणीत ढेकूळ होतं, हे काही पुस्तकात नव्हतं. जमीन लवकर तापते, लवकर निवते. समुद्राचं सगळं सावकाश. शाळेत मुलांना मी तव्याचं आणि पाण्याच्या पातेल्याचं उदाहरण देते, ते चटकन पटतं. शिडाच्या होड्या होत्या तोवर या दोन वाऱ्यांवरच धंदा चाले. मतलईने बाहेर पडायचं, खाऱ्याने घरी यायचं.

हे रोजचं वेळापत्रक मोडलं, की समुद्रात काहीतरी शिजतंय असं समजावं, हे मला मावशींनी शिकवलं. मावशी म्हणजे आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या. त्यांच्या घरची होडी मिरकरवाड्याला असते. पाटी उतरवता उतरवता त्या आधी माडांच्या झावळ्यांकडे बघतात आणि मग बांगड्याचा भाव सांगतात.

वर्तमानपत्रात अधूनमधून येतं, “बंदरावर तीन नंबरचा बावटा.” बावटा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर फडफडणारा झेंडाच यायचा. प्रत्यक्षात दिवसा डोलकाठीवर शंकू आणि नळकांड्यांसारखे आकार चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे लावतात. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळ अजून लांब समुद्रात आहे. तीन म्हणजे बंदरावर सोसाट्याचा वारा येण्याचा संभव. पुढे आकडा वाढेल तसा धोका वाढत दहापर्यंत जातो. आणि अकरावा अगदी वेगळाच आहे. त्याचा अर्थ, हवामान खात्याशी संपर्कच तुटलाय आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याला हवा बिघडण्याची भीती वाटतेय.

हे मी कौतुकाने मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “आमचा अकरा नंबर रोजचाच, वैनी.”

खरंच आहे. किनारा मागे पडला की मोबाईल लागत नाही. होडीवर बिनतारी यंत्र असतं, पण ते घरात थोडंच असतं? नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ आलं, तेव्हा तुळशीची लग्नं आटोपली होती. पावसाळा संपलेला, समुद्र निवांत, सगळ्या होड्या बाहेर. ११ तारखेला ते वादळ कोकणाला घासत जाऊन अलिबाग आणि मुंबईच्या मधे जमिनीवर आलं. मावशींचे धाकटे दीर होडीवर होते. दोन रात्री पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, की होडी जयगडच्या खाडीत शिरली, माणसं सुखरूप आहेत. “तुम्ही काय केलंत हो तेव्हा?” मी विचारलं. मला वाटलं, चूल पेटली नाही म्हणतील. तर म्हणाल्या, “भात टाकला. पोरांना भूक लागते ना!” त्या वेळी सगळ्यांच्याच घरची माणसं परतली नाहीत, त्याबद्दल मात्र त्या बोलत नाहीत.

ही वादळं येतात कशी, हे समजायला स्वयंपाकघरासारखी शाळा नाही. मोदकपात्राचं झाकण उघडताना वाफ हातावर आली, तर उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतं. वाफ होताना पाण्याने घेतलेली उष्णता, वाफेचं पुन्हा पाणी होताना बाहेर पडते. समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलं, की हीच वाफ वर चढते, तिचे ढग होतात, उष्णता सुटते आणि हवा आणखी जोराने वर ओढली जाते. वारे घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरू लागतात. म्हणून वादळाचा डोळा आपल्या पश्चिमेला समुद्रात असेल, तर किनाऱ्यावर वारा दक्षिणेकडून येतो. भर पावसाळ्यात ही वादळं फारशी होत नाहीत, कारण तेव्हा वरचे आणि खालचे वारे उलटसुलट वाहतात आणि वादळाचा माथाच मोडून टाकतात. धोका असतो तो मे-जूनच्या सुमाराला आणि पुन्हा दिवाळीच्या आसपास.

इथेच खरी पंचाईत आहे. सरकारची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला, की समुद्र आपला, अशी पूर्वापार समजूत. पण अरबी समुद्र आता अधिक तापतो आणि त्यात वादळंही वाढली आहेत, असं पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ सांगतात. २०१९ साली एकट्या या समुद्रात पाच झाली: वायू, हिका, क्यार, महा आणि पवन. त्यातलं क्यार ऐन दिवाळीत आलं आणि किनाऱ्याला न लागता ओमानच्या दिशेने निघून गेलं. लोक म्हणाले, बघा, काही झालं नाही! मावशींच्या घरी मात्र झालं होतं. डिझेल भरलेलं, बर्फ भरलेला, खलाशांना उचल दिलेली आणि होडी रिकामी खाडीत. त्या दिवाळीत त्यांच्या हातातल्या पाटल्या सोसायटीत गेल्या. वेधशाळेचे अंदाज चुकतात म्हणून हसणाऱ्यांचा मला राग येतो, तो यासाठी. इशारा मानायचा की नाही, हे अखेर कुणाच्या तरी घरात, पैशांचा हिशेब मांडून ठरतं, आणि तो हिशेब बहुतेक बाईच्या हातात असतो.

आता मावशींची नात हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा लाटांचा अंदाज फोनवर वाचून दाखवते. त्यातली एक गोष्ट मी तिला मुद्दाम समजावली. लाटांची उंची तीन मीटर, याचा अर्थ सगळ्या लाटा तीन मीटरच्या असा नव्हे. सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. एखादी लाट जवळजवळ दुप्पटही येऊ शकते. आणि पावसाळ्यात टीव्हीवर “साडेचार मीटरच्या लाटा उसळणार” म्हणून जो गजर चालतो, तो बहुतेक वेळा भरतीच्या पाण्याचा आकडा असतो, लाटांचा नव्हे! नातीने ते आजीला आपल्या भाषेत सांगितलं. आजी म्हणाली, “म्हणजे तीन म्हटलं की सहा धरायचे.”

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ने श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा झोपवल्या. पुढच्या मे महिन्यात ‘तौक्ते’ आमच्या समोरून गेलं. हे नाव म्यानमारने दिलेलं, अर्थ पाल! तेव्हापासून इशारा आला, की मी पिण्याचं पाणी भरते, गच्चीवरचे पत्रे आणि कुंड्या आत घेते, फोन चार्ज करून ठेवते. मावशींचा फोनही आमच्याकडेच असतो चार्जिंगला, कारण त्यांच्या वाडीत वीज आधी जाते.