काबायान : फिलिपिन्सकडे बघून सुचलेलं देशप्रेमाबद्दल थोडं

देशप्रेम या शब्दाचा आपल्याकडे रोज इतका वापर होतो की तो कानावर पडला तरी हल्ली काही वाटत नाही. म्हणून आज दुसऱ्याच एका देशाबद्दल लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

मी 22 वर्षं मर्चंट नेव्हीत होतो. ज्यांच्या घरात कोणी बोटीवर आहे त्यांना सांगायला नको, जगात कुठल्याही जहाजावर जा, फिलिपिनो माणूस भेटणारच. बोसन फिलिपिनो, कुक फिलिपिनो, इंजिनरूममध्ये ऑइलर फिलिपिनो. बंदरावर उतरलो आणि समोरून अनोळखी फिलिपिनो आला की आमच्यातला एक जण ओरडायचा, "काबायान!" दोघं मग जुनी ओळख असल्यासारखे हसायचे.

हा शब्द मला फार आवडायचा. त्यात 'बायान' आहे. बायान म्हणजे गाव, बायान म्हणजे लोक आणि बायान म्हणजे देशसुद्धा. तिन्हीसाठी एकच शब्द. मुंबईत आपला माणूस भेटला की आपण "काय गाववाले" म्हणतो ना, तसंच. फक्त आपला गाववाला आणि आपला देशबांधव हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि खरं सांगायचं तर दोघांशी आपण वागतोही वेगळं.

त्याच बायानवरून आणखी एक शब्द आहे, बायानिहान. पूर्वी तिथल्या खेड्यात एखाद्या कुटुंबाला जागा बदलायची असली की अख्खं गाव गोळा व्हायचं. बांबू आणि ताडाच्या पानांचं घर खालून बांबू घालून उचलायचं, खांद्यावर घ्यायचं आणि नव्या जागी नेऊन ठेवायचं. मजुरी नाही. घरमालकाने जेवण घालायचं, बस. आपल्याकडे घाटावर इर्जिक म्हणतात, कोकणात जुन्या माणसांना सावड माहीत आहे, त्याच जातकुळीतली ही गोष्ट.

आता खांद्यावर उचलण्यासारखी घरं राहिली नाहीत. शब्द मात्र भाषणांत राहिला. आपल्याकडे श्रमदान या शब्दाचं झालं तसंच.

आमच्या जहाजावरच्या फिलिपिनो पोरांचं देशप्रेम मात्र हिशेबात मांडता यायचं. त्यांच्या सरकारचा नियमच आहे की खलाशाच्या मूळ पगाराचा 80 टक्के भाग दर महिन्याला थेट घरी गेला पाहिजे. नर्सेस, घरकामाच्या बायका, बांधकाम मजूर, खलाशी, असे लाखो लोक बाहेर राहून पैसा पाठवतात. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास ही रक्कम जाते. 1988 मध्ये अध्यक्षा कोराझोन अक्विनो यांनी हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायकांना 'बागोंग बायानी' म्हटलं. म्हणजे नवे वीर. तेव्हापासून परदेशी राबणाऱ्या सगळ्यांनाच हे नाव चिकटलं.

ऐकायला छान वाटतं. पण एक म्हातारा बोसन मला म्हणाला होता, "वीर म्हणतात, कारण परत बोलावायला त्यांच्याकडे काम नाही." त्याच्या पैशातून त्याच्या गल्लीत एक पक्कं घर उभं राहिलं. शेजारची पत्र्याची घरं तशीच राहिली. पैसा घरी येतो, गल्लीत येत नाही. त्यासाठी कोणीतरी गल्लीत उभं राहावं लागतं.

त्या उभं राहण्याचीच ही गोष्ट आहे.

मनिलाला लागून कालोओकान शहर आहे. तिथे बागोंग सिलांग नावाची वस्ती. मार्कोसच्या काळात मनिलातल्या झोपड्या हटवून लोकांना इथे आणून टाकलं. नावाचा अर्थ 'नवजात'. 2020 च्या जनगणनेत या एका बारांगायची, म्हणजे आपल्या भाषेत वॉर्डाची, लोकसंख्या अडीच लाखांच्या वर होती. तेव्हा तो देशातला सर्वांत मोठा बारांगाय होता. गरिबी, टोळ्या, दारू, सगळं आलंच.

1995 मध्ये 'कपल्स फॉर क्राइस्ट' या कॅथलिक संघटनेतर्फे टोनी मेलोतो तिथे गेले. स्वतः गरीब घरातून आलेला माणूस, शिष्यवृत्तीवर आतेनेओ विद्यापीठात शिकला, मोठ्या कंपनीत नोकरी केली. त्यांनी टोळ्यांतल्या पोरांसाठी शिबिर घेतलं. शिबिरात पोरं बदलल्यासारखी वाटायची, पण संध्याकाळी परतायची कुठे? त्याच गटाराकाठच्या खोपटात. तेव्हा लक्षात आलं की नुसत्या उपदेशाने काही होणार नाही. घर बदललं पाहिजे, आणि एक घर नाही, शेजार बदलला पाहिजे. पुढे याच कामाचं नाव झालं गावाद कालिंगा. अर्थ साधा आहे, काळजी देणं.

कामाची पद्धत बघा. जमीन कोणी जमीनदार देतो किंवा नगरपालिका देते. साहित्याचा पैसा कंपन्या आणि परदेशातले फिलिपिनो देतात. श्रम मात्र विकत घ्यायचे नाहीत. कॉलेजची मुलं, बँकेतले अधिकारी, सुट्टीवर आलेले खलाशी सिमेंट कालवतात, विटा वाहतात. ज्याला घर मिळणार त्यानेही स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या घरावर ठरलेले तास काम करायचं. घरं छोटी, पण रंग झगझगीत. पिवळी, गुलाबी, निळी. शेजारी बालवाडी, भाजीचा मळा, आणि वस्तीची स्वतःची समिती. ब्रीदवाक्य 'वालांग इवानान'. कोणालाही मागे सोडायचं नाही.

मला यातली सर्वांत मोठी गोष्ट घरं वाटत नाही. ज्या देशात श्रीमंतांच्या कॉलनीला भिंत आणि गेटवर बंदूकवाला गार्ड असतो, तिथे गेटच्या आतला मुलगा शनिवारी बाहेर येऊन घमेली उचलतो, ही मोठी गोष्ट आहे. मिंदानाओच्या मुस्लिम गावांतही हे काम गेलं. जिथे दशकानुदशकं सरकार आणि बंडखोरांची लढाई चालली, तिथे ख्रिश्चन स्वयंसेवकांनी मुस्लिम कुटुंबांची घरं बांधायला हात लावला. आपल्याकडे हे कितपत जमेल, ज्याने त्याने मनाशी विचारावं.

2003 मध्ये त्यांनी घोषणा केली, सात वर्षांत सात हजार वस्त्यांत सात लाख घरं. 2006 मध्ये मेलोतो आणि गावाद कालिंगा या दोघांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इथे आपला धागा जुळतो. मॅगसेसे म्हणजे 1957 मध्ये विमान अपघातात गेलेले फिलिपिन्सचे अध्यक्ष. त्यांच्या नावाचा पुरस्कार 1958 मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तेव्हा त्यात आपल्या रायगडातल्या गागोद्याचे विनोबा होते. पुढे जामखेडचे आरोळे दांपत्य, बाबा आमटे, प्रकाश आणि मंदा आमटे. मनिलाहून आपल्या माणसांची नोंद घेतली गेली, आपण मनिलाकडे फारसं बघितलं नाही.

पण ही पोस्ट आरती ओवाळायला लिहीत नाही.

सात लाख घरांचं लक्ष्य पूर्ण झालं नाही. काम दोन हजारांवर वस्त्यांत पोचलं, ते कमी नाही, पण सात लाख कुठे! 2007 मध्ये मूळ संघटनाच फुटली. घरं बांधण्याच्या नादात धर्मकार्य मागे पडतंय असं एका गटाचं म्हणणं होतं. टीकाकारांनी आणखी एक मुद्दा मांडला आणि तो मला पटतो. गरिबाची वागणूक सुधारली की गरिबी जाईल, असा सूर या कामात कधी कधी लागतो. मग जमीन मूठभर घराण्यांच्या हातात का आहे, मजुरी इतकी कमी का, हे प्रश्न कोण विचारणार? जो जमीनदार चार एकर दान देतो त्याला बाकीच्या चारशे एकरांबद्दल विचारायचं की नाही?

आणि सरकार काय करत होतं? मार्च 2017 ची गोष्ट. बुलाकान प्रांतात पांडी नावाचं गाव आहे. तिथे सरकारने पोलीस आणि सैनिकांसाठी घरं बांधून ठेवली होती. लांब, लहान, पाणी-विजेचे वांधे, म्हणून त्यांतली पुष्कळ रिकामी पडलेली. काडामाय या शहरी गरिबांच्या संघटनेने हजारो बेघर कुटुंबं घेऊन पाच हजारांहून जास्त घरांचा ताबा घेतला. अध्यक्ष दुतेर्ते आधी अराजक म्हणून ओरडले, आणि पुढच्याच महिन्यात म्हणाले, ठेवा ती घरं.

एकीकडे स्वयंसेवक घाम गाळून एकेक घर बांधतायत, दुसरीकडे सरकारी घरं कुलूपबंद. माणसं बेघर असताना घरं रिकामी, हे चित्र घमेली उचलून बदलत नाही. त्याला हिशेब मागावा लागतो.

तर मग स्वयंसेवा म्हणजे सरकारची पळवाट का? बरेच दिवस मला हा प्रश्न छळत होता. त्याचं उत्तर मला फिलिपिन्समधल्याच दुसऱ्या एका गोष्टीत मिळालं.

2021, कोविडचा दुसरा वर्ष. तारीख आपल्याला लक्षात राहण्यासारखी आहे, 14 एप्रिल. केसोन सिटीच्या मागिन्हावा रस्त्यावर आना पात्रिसिया नॉन नावाच्या तरुणीने फुटपाथवर बांबूची एक हातगाडी लावली. त्यात थोडा तांदूळ, भाजी, डबाबंद वस्तू. वर पुठ्ठ्याचा बोर्ड. ऐपतीप्रमाणे द्या, गरजेपुरतं घ्या, एवढाच मजकूर. फॉर्म नाही, आधार कार्डासारखा कागद नाही, फोटो काढणारा पुढारी नाही. काही दिवसांत देशभर अशा शेकडो गाड्या उभ्या राहिल्या. शेतकऱ्यांनी रताळी पाठवली, मच्छीमारांनी मासळी. रांगेतला माणूस दोन अंडी घ्यायचा आणि बाकीची पुढच्यासाठी ठेवायचा.

आठवडाही झाला नव्हता आणि पोलीस आले. हिच्यामागे कम्युनिस्ट आहेत, बंडखोरांशी संबंध आहे, अशा पोस्ट अधिकृत पानांवरून फिरू लागल्या. एका लष्करी जनरलने तर तिची तुलना हव्वेला सफरचंद देणाऱ्या सैतानाशी केली. भीतीपोटी तिने गाडी एक दिवस बंद ठेवली. लोक इतके चिडले की दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सुरू झाली, आणि शहराच्या महापौर तिच्या बाजूने उभ्या राहिल्या.

विचार करा, तांदूळ वाटणाऱ्या मुलीची सत्तेला भीती का वाटावी? दयेची कोणालाच भीती वाटत नाही. भीती या गोष्टीची होती की फुटपाथवरची रांग न बोलता विचारत होती, सरकारी मदत कुठे आहे? शेजाऱ्याला जेवू घालणं आणि सरकारला प्रश्न विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्या गाडीने दाखवलं. आणि देशद्रोहाचा शिक्का कोणावर बसला, तर जी देशातल्या भुकेल्या माणसाजवळ जाऊन उभी राहिली तिच्यावर. हे तुम्हाला ओळखीचं वाटलं तर त्यात माझा दोष नाही.

2021 मध्ये त्यांच्या सरकारी आकड्यांनुसार 18.1 टक्के लोक गरिबीत होते, जवळपास दोन कोटी. 2023 मध्ये ते प्रमाण 15.5 टक्क्यांवर आलं. यात स्वयंसेवकांचा वाटा किती, बाहेरून येणाऱ्या पैशाचा किती, सरकारी योजनांचा किती, हे वेगळं काढता येत नाही. पण एक गोष्ट नक्की, ज्याने बागोंग सिलांगमध्ये चार शनिवार विटा वाहिल्या, त्याला "झोपडपट्टीवाले असलेच" हे वाक्य पुन्हा सहज उच्चारता येत नाही. गरीब माणूस त्याच्यासाठी काबायान झालेला असतो. आणि काबायानच्या घरात पाणी नसेल तर राग येतो. तो राग पुढे मतदानात, मोर्चात, नगरपालिकेच्या दारात दिसायला हवा. दिसला नाही तर मात्र टीकाकार खरे ठरतात.

त्याच वर्षी, 22 जुलै 2021 ला, आपलं चिपळूण बुडालं. कुठून कुठून पोरं आली, ओळख ना पाळख, लोकांच्या घरातला गुडघाभर चिखल काढला. तो चिखल स्वयंसेवकांनी काढला. वाशिष्ठीतला गाळ मात्र त्यांना काढता येणार नव्हता. त्यासाठी चिपळूणकरांना उपोषणाला बसावं लागलं. दोन्ही कामं लागली. घरातला चिखल काढणारा नसता तर लोक तगले नसते, आणि नदीतल्या गाळासाठी बसणारा नसता तर पुढच्या पावसाची वाट बघत राहिले असते.

म्हणून 2 ऑक्टोबरला झाडू घेऊन फोटो काढणाऱ्यांवर मी हसत नाही. या, जरूर या. फक्त 3 ऑक्टोबरलाही या. ज्या वस्तीत झाडू मारला तिथे नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारून ठेवा, बालवाडीचं छप्पर बघा, आणि मग ते लिहून ग्रामपंचायतीत, नगरपरिषदेत द्या. पोच घ्यायला विसरू नका!

आपल्या भागात असं काम गाजावाजा न करता कोणी करत असेल तर कमेंटमध्ये सांगा. माणसाचं नाव नको असेल तर नुसतं काम सांगा, वस्ती सांगा. रविवारी चार-पाच जण जाऊन येऊ. बघून आल्यावर काय करायचं ते तिथल्याच लोकांना विचारून ठरवू.