उन्हावर चालणारं ऑपरेशन थिएटर

फिलाडेल्फियात पाइन स्ट्रीटवर पेनसिल्वेनिया हॉस्पिटलची जुनी विटांची इमारत आहे. बेंजामिन फ्रँकलिन आणि डॉ. थॉमस बाँड यांनी १७५१ मध्ये हे हॉस्पिटल सुरू केलं, आणि ते अजून चालू आहे. मला मात्र ओढ होती ती सगळ्यात वरच्या मजल्याची. तिथे १८०४ चं ऑपरेशन थिएटर आहे. मधोमध टेबल, भोवती चढत गेलेल्या गोल पायऱ्या आणि डोक्यावर काचेचं छत. दिवा नाही. स्वच्छ ऊन पडलं असेल तर सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान शस्त्रक्रिया उरकायची. ढग आले तर रुग्णाचं नशीब.

माझी सगळी नोकरी भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रात गेली. उन्हाच्या भरवशावर पाय कापायचा, या कल्पनेने मी त्या छताकडे जरा जास्तच वेळ बघत राहिलो. त्यात ईथरचा वापर सुरू झाला १८४६ नंतर. त्याआधी अफू, नाहीतर रम, आणि धरून ठेवायला चार दणकट माणसं.

"बाबा, आणि हे सगळं बघायला लोक यायचे," पायऱ्यांकडे हात करत मुलगी म्हणाली.

ती इथे बायोमेडिकल इंजिनीअरिंगचं एम.एस. करते. गुडघ्याचे सांधे बनवायचे तर ते बसवताना बघायला हवेत, म्हणून सध्या एका हाडांच्या सर्जनमागे फिरते. ओपीडीत त्यांच्या मागे, राऊंडला त्यांच्या मागे, ओटीत भिंतीला पाठ लावून. पहिल्या दिवशी नर्सने बजावलं होतं: हात छातीशी, निळ्या कापडापासून लांब, आणि चक्कर आली तर मागे पड, पुढे नको. हे ऐकून मला हसू आलं. आमच्याकडे नवं पोरगं कंट्रोल रूममध्ये आलं की पॅनेलसमोर त्यालाही हेच सांगायचे: हात मागे, डोळे पुढे. बटण चुकून दाबलं गेलं तर अख्खं युनिट ट्रिप.

ती सांगत होती, करवत चालते तेव्हा जळक्या हाडाचा वास मास्कमधूनही येतो. पण सगळ्यात शांत वेळ असते सिमेंट लावल्यावरची. सर्जन पाय सरळ धरून उभे राहतात आणि कोणी हलत नाही. उरलेल्या सिमेंटचा गोळा नर्स बोटांत दाबून बघत असते, घट्ट झालं का म्हणून. हे सिमेंट घट्ट होताना तापतं. एकदा ऑपरेशन आटोपल्यावर नर्सने तो गोळा हिच्या हातावर ठेवला. अजून कोमट होता. इतक्या दिवसांत हिने हातात घेतलेली ओटीतली ती पहिली वस्तू.

इथे बघण्याचा इतिहास सगळाच काही शोभणारा नाही. पेनसिल्वेनिया हॉस्पिटलात वेड्या रुग्णांना बघायला शहरातली माणसं इतकी गर्दी करत, की शेवटी तिकीट लावावं लागलं. आणि ६ नोव्हेंबर १८६९ ला वुमन्स मेडिकल कॉलेजच्या तीस-पस्तीस मुली इथे सर्जनचं क्लिनिक बघायला आल्या, तेव्हा शेकडो पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला, कागदाचे बोळे मारले, तंबाखू थुंकली आणि बाहेर रस्त्यापर्यंत त्यांचा पिच्छा पुरवला. डीन अ‍ॅन प्रेस्टन मागे हटल्या नाहीत. मुली येत राहिल्या.

चौदा वर्षांनी त्याच कॉलेजात आनंदीबाई जोशी आल्या. वय अठरा, नऊवारी, फिलाडेल्फियाची थंडी. ११ मार्च १८८६ ला त्यांना एम.डी. मिळाली, तेव्हा सभागृहात पंडिता रमाबाई होत्या. पुढच्या वर्षी २६ फेब्रुवारीला पुण्यात आनंदीबाई गेल्या. बोटीने अमेरिकेला निघण्याआधी त्या कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला राहत होत्या. मुंबईहून कलकत्त्याला जाणारी रेल्वे तेव्हाही भुसावळवरूनच धावायची. आमच्या जंक्शनवर त्या चहाला उतरल्या असतील का, असा खानदेशी माणसाच्या मनात विचार येतोच!

कॉलेज अव्हेन्यूला गेलो. समोर जिरार्ड कॉलेजची लांबलचक दगडी भिंत. आनंदीबाईंच्या कॉलेजची खूण शोधत मी फिरलो, मुलगी कंटाळली. तिला चित्रकार टॉमस एकिन्सचं 'ग्रॉस क्लिनिक' दाखवायचं होतं.

१८७५ चं ते चित्र. डॉ. सॅम्युएल ग्रॉस काळ्या कोटात, रक्ताळलेल्या हातात सुरी. खाली मांडीच्या हाडाचं ऑपरेशन. अंगावर झगा नाही, हातात मोजे नाहीत. कोपऱ्यात रुग्णाची आई तोंड झाकून आक्रसून बसलेली. अंधारात पायऱ्यांवर विद्यार्थी, त्यांत एकिन्स स्वतः. पुढच्याच वर्षी जोसेफ लिस्टर या शहरात येऊन जंतुनाशक शस्त्रक्रियेवर बोलले. ग्रॉसना ते पटलं नाही. १८८९ च्या एकिन्सच्याच 'अ‍ॅग्न्यू क्लिनिक'मध्ये मात्र शस्त्रक्रिया करणारे सगळे पांढऱ्या झग्यांत आहेत. चौदा वर्षांत एवढा फरक. मला दोन्ही चित्रांत सर्जनपेक्षा पायऱ्यांवरची पोरंच बघावीशी वाटली. कोणी टिपून घेतंय, कोणी पेंगतंय.

"तुला ओटीत टिपून घेता येतं?"

"नाही. मोबाइलही लॉकरमध्ये. बाहेर आल्यावर आठवून लिहायचं."

शुक्रवारी पकीप्सीला जायचं ठरत होतं. आनंदीबाईंची रक्षा तिथल्या दफनभूमीत आहे. पण संध्याकाळी मुलीला निरोप आला: शुक्रवारी खुब्याच्या दोन केसेस, यायचं तर पहाटे साडेपाचला. मी म्हटलं, तू जा, माझं मी बघतो.