खराटेवाले बाबा

दोस्तांनो, एक कोडं घालू? शाळेत गेले नाहीत, स्वतःसाठी घर बांधलं नाही, अंगावर चिंध्यांचा अंगरखा. तरी अमरावतीच्या विद्यापीठाला नाव त्यांचंच! कोण बरं?

ओळखलंत! गाडगेबाबा. जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा.

पंढरपूरला सगळे दर्शनाला धावत, तेव्हा बाबा खराटा घेऊन चंद्रभागेचं वाळवंट झाडत. मग कीर्तन. देवाला बोकड कापू नका, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, असं सांगायचे. लोक पैसे देत. त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. पाया पडायला कुणी वाकलं, की मात्र काठी उगारत! २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले.

ही कसली भक्ती, असं लहानपणी मला वाटायचं. देवळात जायचं सोडून झाडत काय बसायचं? ते कळलं मामीमुळे. मामांना कॅन्सर झाला. टाटा हॉस्पिटलात न्यायचं, पण मुंबईत आमचं कुणी नाही. फुटपाथवर झोपायची तयारी ठेवूनच मामी निघाली होती. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे दोघांना खोली मिळाली. मामा पुढे गेले. पण ते दिवस पंखा, पलंग आणि दाराला कडी असलेल्या खोलीत गेले, हे मामी अजून सांगते.

तिच्या देव्हाऱ्यात आता विठोबाशेजारी बाबांचा फोटो आहे. रोज हळदकुंकू, फूल, नमस्कार. बाबांनी बघितलं असतं तर काठीच उगारली असती! पण मामीला सांगणार कोण?