आवक, जावक, शेरा

आमचे बाबा डे-केअरला जातात, असं मी पुण्यात ऑफिसात सांगते तेव्हा लोक हळहळतात. डे-केअर कुत्र्यांचं आहे, हे मग सांगावं लागतं.

आई गेल्यावर सिडकोतल्या घरात बाबा आणि बंड्या नावाचं गावठी कुत्रं एवढेच उरले. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी बंड्याला कुठं ठेवायचं म्हणून शोधताना बीड बायपासपलीकडच्या सातारा परिसरातलं एक श्वान-पाळणाघर सापडलं. खंडोबाचं देऊळ तिथून जवळच. कुत्रं तर खंडोबाचंच. त्याचे वाघे कोटंब्यातलं अन्न कुत्र्यासारखं खाऊन ते नातं सांगतात. पाळणाघर चालवणाऱ्या तरुणाला सगळे दादा म्हणतात. नव्या पाहुण्याच्या कपाळाला तो आधी भंडारा लावतो, मग लसीकरणाचं कार्ड मागतो. रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपरच्या लसी झाल्या नसतील तर भंडाऱ्यासकट परत पाठवतो.

डोळा बरा झाला तरी बाबा बंड्याला रोज तिथं न्यायला लागले आणि सोडून घरी येईनात. गिऱ्हाईक दिवसभर फाटकात ठाण मांडून बसलं तर कुणीही वैतागेल. दादानं वही पुढं केली. "काका, तेवढं लिहून काढता का? माझं अक्षर मलाच लागंना."

बाबांची अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात, नाथसागराच्या पाण्याच्या नोंदी ठेवण्यात गेलेली. त्यांनी तिथल्या तिथं रकाने आखले: आवक, जावक, पाणी, खाणं, शी, शेरा.

कुत्र्यांचा दिवस मला त्या वहीतून कळला. उन्हाळ्यात फिरणं सकाळी सातच्या आत, कारण नंतर डांबरावर पंजे भाजतात. परत आल्यावर कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधायचे. मग ओठ वर करून हिरडी अंगठ्यानं दाबायची. दाबल्यावर पडलेला पांढरा ठसा दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. हिरडीच फिकट दिसली तर गोचीड तापाच्या शंकेनं डॉक्टरांना फोन. चिकन-भात ज्याला त्याला आपापल्या खोलीत, नाहीतर पंगतीत मारामारी. नवखा आधी जाळीआडूनच बाकीच्यांना हुंगतो. त्याच्या अंथरुणात घरची न धुतलेली चादर. दुपारी कूलर, वाळ्याचे पडदे आणि सगळे आडवे. घाम गाळून गार व्हायची सोय कुत्र्याला जवळजवळ नाहीच, धापेवर भागवायचं. पारा ४२ अंशांवर जाणाऱ्या गावात हस्की पाळणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार. नळाला रोज पाणी न येणाऱ्या या शहरात बादल्या टँकरच्या, त्यामुळे पाण्याचा रकाना बाबांचा विशेष लाडका.

शेऱ्यात मात्र त्यांची लेखणी सुटायची. "लॅब्राडोर: दुसऱ्याच्या ताटावर डोळा. समज दिली." "पॉमेरेनियन: सोडताना मालकीणबाई रडल्या. कुत्रं नाही."

मी पुण्यातून औषधं, किराणा, व्हिडिओ कॉल, सगळं पाठवत होते. काम पाठवायचं सुचलं ते या दादाला.

बंड्या म्हातारा होऊन गेला. बाबांनी घर धरलं; अंघोळीला दुपार व्हायला लागली. मी फोनवर दुसरं पिल्लू आणायचं टुमणं लावलं. दादानं सांत्वनाचा शब्दही काढला नाही. "काका, वही कोरी पडलीय. कोण किती खायलंय, काय पत्ता लागंना." दुसऱ्या दिवशी बाबा रिक्षा करून गेले. बरोबर कुणी नाही, हातात फक्त चष्म्याचं घर.

याचे पैसे किती द्यायचे, की काहीच द्यायचे नाहीत, हे मला आजही उमगलेलं नाही. एकदा दादाला तसं विचारलं. तो म्हणाला, "पैशाचं ऱ्हाऊ द्या ताई. दिवाळीत माणसं मिळंनात, तेवढं बघा."

म्हणून आता लक्ष्मीपूजनाला मी तिथं असते. मालक मंडळी गावाला गेलेली, खोल्या गच्च भरलेल्या, खिडक्यांना गाद्या लावलेल्या, टीव्ही मोठ्यानं चालू. गेल्या खेपेला मला एका बीगलजवळ बसवलं होतं. बाहेर सुतळी बॉम्ब वाजला की तो माझ्या ओढणीत तोंड खुपसायचा. दहाच्या सुमारास बाबा वही घेऊन आले.

"पाणी प्यायला?"

"थोडं."

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "थोडं म्हणजे किती?"