बाराव्या वर्षाचें दार

बाल्य व तारुण्य यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या मुलांस स्वातंत्र्य किती द्यावें व केव्हां द्यावें, हा प्रश्न आम्हां शिक्षकांपुढें नित्याचाच आहे. वर्गांत उभे राहून त्याचें उत्तर देणें आम्हांस आजवर कठीण वाटलें नव्हतें. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत भर समुद्रांत तोच प्रश्न आमच्या पुढें आला, आणि आमचें सारें शिक्षणशास्त्र अपुरें पडलें. ती हकीकत येथें सांगावी असें योजिलें आहे.

आमचे धाकटे बंधू अमेरिकेंत असतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां व आमचा बारा वर्षांचा मुलगा त्यांच्या कुटुंबासह मायामी बंदरांतून सात रात्रींच्या जलपर्यटनास निघालों. कोंकणच्या जुन्या आगबोटींत मुलें आईजवळच वळकटीवर निजून प्रवास करीत, असें आम्हीं वडिलांकडून ऐकलें होतें. या पर्यटन-जहाजांवर रीत अगदीं निराळी. येथें वयावयाप्रमाणें मुलांचीं वेगळालीं मंडळें असतात. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या जहाजांवर लहान मुलांचा एक विभाग व मोठ्या मुलांचा दुसरा. कार्निव्हल कंपनी मोठ्या मुलांचे १२ ते १४ व १५ ते १७ असे दोन गट करते. डिस्ने कंपनीच्या जहाजांवर ११ ते १४ व १४ ते १७ अशीं दोन मंडळें आहेत, म्हणजे चौदा वर्षांच्या मुलानें आपण लहानांत बसावें कीं मोठ्यांत, हें स्वतःच ठरवावयाचें. टेबल-टेनिस, पडद्यावरील खेळ, नाच, गाणीं, असा कार्यक्रम रात्रीं उशिरापर्यंत चालतो.

पण खरा भेद खेळांत नाहीं, दारांत आहे. लहान मुलास आईबापांनीं स्वतः आंत सोडावें व स्वतःच परत न्यावें. मोठीं मुलें मात्र आपल्या मनानें येतात व आपल्या मनानें जातात. आणि मंडळाच्या वेळांत आईबापांस आंत प्रवेश नसतो.

आमच्या जहाजावर बारा वर्षें हीच सीमा होती. पुतणी अकरा वर्षांची. दोघांनीं एकत्र खेळण्याचे पुष्कळ बेत केले होते. नियमानें त्यांची ताटातूट केली. संकटसमयीं कोठें जमावयाचें त्या जागेचा क्रमांक असलेली पट्टी तिच्या मनगटावर बांधण्यांत आली. आमच्या मुलाचें मनगट मोकळें राहिलें, आणि त्याचा त्यास केवढा अभिमान वाटला!

पहिल्या रात्रीं आम्हीं त्यास दारापर्यंत पोहोंचविलें. नऊ वाजतां आणावयास गेलों, तों तेथील तरुण बाई हंसून म्हणाल्या, “तो तर तासाभरापूर्वींच गेला.” खोलींत तो नव्हता. भोजनगृहांत नव्हता. पोहण्याच्या तलावापाशीं नव्हता. समुद्रावर आमचे दूरध्वनी मुके झाले होते. एका जिन्यापाशीं साष्टीचा एक गोंयकार वाढपी भेटला. आमची मराठी ऐकून तो थांबला व म्हणाला, “सर, घाबरूं नका. जहाज सोडून पोरगा जाणार कुठें?” त्या बिचाऱ्यानें धीर देण्यासाठींच म्हटलें, पण आमची दृष्टि कठड्यापलीकडच्या काळ्या पाण्याकडे गेली आणि पाय लटपटूं लागले.

साडेदहाच्या सुमारास तो वरच्या मजल्यावर सांपडला. त्याच्यासारखाच एक लाजाळू मुलगा समोर होता, मध्यें टेबल-टेनिसचें मेज होतें. दोघांस एकमेकांची भाषा धड येत नव्हती. गुण मात्र दोघे बोटांवर मोजून दाखवीत व खदखदां हंसत होते. आम्हीं कांहीं एक न विचारतां त्या परक्या मुलादेखत त्यास कठोर शब्दांत झाडलें व दंडाला धरून खोलींत आणलें. त्या मुलानें बॅट मेजावर ठेविली व मुकाट्यानें निघून गेला.

दुसऱ्या दिवशीं आमचा मुलगा कोठेंच गेला नाहीं. खोलीच्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दुपारीं त्याच्या आईनें आम्हांस एवढेंच विचारलें, “किती वाजतां परत ये, हें तुम्ही त्याला सांगितलें होतें का?” आम्हीं तें सांगितलेंच नव्हतें!

त्या वेळीं लूककृत शुभवर्तमानांतील कथा आम्हांस आठवली. वल्हांडण सणाहून परततांना योसेफ व मरीया एक दिवसाची वाट चालून गेलीं. मुलगा सोबतच्या मंडळींत असेल असें त्यांनीं गृहीत धरलें होतें. प्रभूचें वयही त्या वेळीं बाराच वर्षांचें होतें. मुलगा मंदिरांत सांपडल्यावर मरीयेनें आधीं प्रश्न विचारला, उत्तर ऐकून घेतलें, आणि न समजलेलें तें उत्तरही मनांत जपून ठेविलें. हा पाठ आम्हीं शब्बाथ शाळेंत कितीदां शिकविला असेल! शिकलों मात्र नव्हतों.

आम्हीं मुलाची क्षमा मागितली. दुसऱ्यांच्या मुलांस वीस वर्षें समज देत आलेल्या माणसास तें सोपें गेलें नाहीं. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “पप्पा, आंत सगळे भराभर इंग्रजी बोलत होते. मला लाज वाटली, म्हणून मी बाहेर आलों.” आम्हीं करार केला: रात्रीं साडेनऊ वाजतां जिन्याच्या पायथ्याशीं भेटावयाचें, त्याआधीं आम्हीं शोधावयाचें नाहीं. पहिल्या रात्रीं तो वीस मिनिटें आधींच आला. पुढें बरोबर वेळेवर येऊं लागला. हळूहळू मंडळांतही रमला. पण तो टेबल-टेनिसचा सोबती त्यास पुन्हां भेटला नाहीं. हजारों माणसांच्या त्या जहाजांत त्यानें त्यास फार शोधलें. शेवटच्या सकाळीं उतरणाऱ्यांच्या रांगेंत तो दूरवर दिसला. त्यानें हात वर केला, यानेंही केला. इतक्यांत रांग पुढें सरकली. आमच्या रागाचें मोल मुलास भरावें लागलें.

२०२१ पासून मुंबईहूनही कॉर्डेलिया कंपनीचीं पर्यटन-जहाजें सुटूं लागलीं आहेत. तरी आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस असा प्रवास घडेलच असें नाहीं. परंतु तें दार सर्वांच्याच घरीं आहे: शाळेचें वसतिगृह, मंडळीचा तरुण संघ, मित्राचें घर. विद्यार्थ्यांनो, स्वातंत्र्य पाहिजे असेल तर ठरलेली वेळ पाळा. तिच्याइतकें प्रभावी शिफारसपत्र नाहीं. आणि पालकहो, वेळ आधीं ठरवून द्या, मग दाराबाहेर थांबण्यास शिका. मूल उशिरां आलें, तर आधीं विचारा, मग रागवा. आम्हीं याच्या उलट केलें, म्हणून हें लिहिण्याचा आम्हांस अधिकार आहे.