आम्हा दोघींचा एक मोबाइल

२०२४ च्या सुगीत घरात भाताची पोती रचलेली होती आणि पोरगी रात्रभर जागी असायची. दहावीपर्यंत ती येळ्ळुरात मराठी शाळेत शिकली. हुशार आहे, सायन्सला घाला, असं सगळे म्हणाले, म्हणून जूनमध्ये बेळगावच्या कॉलेजात पीयूसीला, म्हणजे अकरावीला, नाव घातलं. जाण्यायेण्याची अडचण नव्हती, शक्ती योजनेमुळं बायकांना बसला तिकीट नाही. अडचण वर्गात होती. ‘बल’, ‘त्वरण’, ‘वस्तुमान’ म्हणून पाठ केलेलं सगळं तिथं इंग्रजीत येऊन उभं राहिलं, आणि हात वर करणारी पोरगी मागच्या बाकावर गेली.

दिवाळीनंतर एकदा मध्यरात्री उठले, तर ही भिंतीला टेकून बसलेली. “काय करालीस गं एवढ्या रात्री?” तिनं माझा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला. गडावरून पळत उतरल्यासारखी धडधड, आणि तळहात ओलेचिंब.

मी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मला तेवढंच येत होतं. शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, “डॉक्टरला दाखवू नकोस बाई, धारवाडला न्या म्हणतील.” आमच्याकडं धारवाड म्हटलं की मनोरुग्णालयच डोळ्यांपुढं येतं. त्या एका शब्दाला भिऊन मी तीन आठवडे घालवले. त्याचं वाईट अजून वाटतं.

तोवर तिनं आपला मार्ग शोधला होता. वर्गातल्या मैत्रिणीनं एक अ‍ॅप सांगितलं, ते तिनं माझ्याच मोबाइलवर घेतलं, कारण घरात दुसरा मोबाइल नाही. पडद्यावर एक गोल हळूहळू फुगायचा, थांबायचा, आकसायचा. त्याच्याबरोबर श्वास घ्यायचा, रोखायचा, सोडायचा. दिवस कसा गेला ते चेहऱ्याच्या चित्रावर बोट ठेवून सांगायचं, वाटलं तर खाली लिहायचं. श्वास सावकाश सोडला की काळजाची गती उतरते, हे तिनंच मला समजावलं. रात्री अंधारात तो निळा गोल दिसायचा आणि मला वाटायचं, पोरगी कुणाशी तरी बोलतेय.

एका सकाळी ती कॉलेजला गेल्यावर मी ते उघडलं. रडका चेहरा, खाली रडका चेहरा, सलग अकरा दिवस. एका जागी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं, ते मी लावून लावून वाचलं: आईला सांगितलं तर आई घाबरेल.

संध्याकाळी ती आल्या आल्या सांगून टाकलं, मी वाचलंय. ती चिडली, रडली, जेवली नाही. त्याच दिवशी तिनं अ‍ॅपला कुलूप घातलं. मला ते लागलं, पण बरोबर होतं. मोबाइल माझा असला तरी लिहिलेलं तिचं होतं.

गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आमच्या आशाताईंकडून १४४१६ हा नंबर मिळाला. टेली-मानस, केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली, मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायची फुकट सेवा, दिवसरात्र चालू. देशभरातलं काम बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या देखरेखीखाली चालतं. तिनं माडीवर जाऊन फोन लावला, मी खाली मसूर निवडत बसले. पलीकडच्या बाई हिंदीत बोलत होत्या, ही निम्मं हिंदी, निम्मं मराठी. अर्धा तास झाला असेल. उतरली तेव्हा डोळे सुजलेले, पण म्हणाली, “भूक लागलीय.”

पुढं बेळगावात डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मला बाहेर बसवून आधी तिच्याशी बोलून घेतलं. गोळ्या दिल्या नाहीत, आठवड्यातून एकदा बोलायला बोलावलं. धारवाडचं नावही निघालं नाही. मैत्रिणीच्या वहीवरून ती मराठी आणि इंग्रजी शब्दांची जोडयादी करायला लागली, त्याचा उपयोग तर फार झाला. अ‍ॅपनं रात्र निघायची, पण ‘त्वरण’ इंग्रजीत कळण्यासाठी वहीच लागली.

भीती अजून येते. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री हमखास. आता गोल बघावा लागत नाही, बसमध्येसुद्धा ती मनात चारपर्यंत मोजते. मोबाइलवरचं कुलूप तसंच आहे. मी विचारते, “आजचा चेहरा कुठला?” कधी सांगते, कधी नुसती मान हलवते. मग मी चहा ठेवते आणि तिच्याजवळ बसते.