सोवळ्यातला फोन

मराठीच्या प्राध्यापकाने महागडा फोन घेऊ नये, असा काही नियम नाही. तरीही गेल्या महिन्यात तो खिशात घालून घरी आलो, तेव्हा कॉपी करताना सापडलेल्या विद्यार्थ्यासारखा माझा चेहरा झाला असावा. सौभाग्यवतींनी किंमत विचारली. मी हप्त्याचा आकडा सांगितला. त्यांना काय समजायचे ते समजले.

कंपनीचे नाव मी सांगत नाही. स्तुती केली तर मला पैसे मिळणार नाहीत आणि निंदा करण्याइतका हा फोन वाईट नाही. उलट, तो फार गुणी आहे. जुना फोन सकाळी उठल्यापासून कर्ज घ्या, केस वाढवा म्हणून मागे लागे. हा तसे काही करीत नाही. एखादे ॲप माझ्या मागावर राहू पाहत असेल, तर हा आधी विचारतो, 'राहू द्यावे का?' कॉलेजात वेळापत्रक लावतानासुद्धा मला इतक्या अदबीने कुणी विचारलेले नाही! पहिल्याच दिवशी मी चार वेळा 'नाही' म्हटले आणि चारही वेळा माझे ऐकले गेले. गृहस्थाश्रमात ही चैन क्वचितच मिळते.

पण चौथ्या दिवशी सौभाग्यवतींना फोटो द्यायला गेलो. या फोनातून त्याच्याच जातीच्या फोनात फोटो चुटकीसरशी जातो. यांचा साधा फोन शेजारी ठेवला, तरी याला तो दिसेना. शेवटी फोटो व्हॉट्सॲपच्या वळणाने, थोडे अंग चोरून, पोचला. मग एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली. ॲप घ्यायचे ते कंपनीच्याच दुकानातून. कंपनीचे मनगटी घड्याळ परक्या फोनशी बोलत नाही. चार्जिंगची वायर तेवढी आमच्या घरात समाईक आहे, आणि तीही युरोपच्या कृपेने. तिथे २०२२ साली कायदा झाला आणि २०२४ च्या अखेरीपासून विकायच्या नव्या फोनांना यूएसबी-सी हे एकच तोंड सक्तीचे झाले.

"अहो, तुमचा फोन सोवळ्यात आहे वाटतं!" सौभाग्यवती म्हणाल्या.

तो शब्द मनात रुतला. आमच्या आजीचे सोवळे फार कडक. तिच्या स्वयंपाकघरासारखे स्वच्छ, नीटनेटके घर मी पुन्हा पाहिले नाही. डबा जिथला तिथे, आणि पुरणपोळी अशी की तोंडात घालताच विरघळावी! आम्ही मुले उंबऱ्याबाहेर हात मागे बांधून उभे. एका दिवाळीत माझ्या वर्गातला एक मित्र आईच्या हातचे अनारसे घेऊन आला. आजी रागावली नाही. 'बाहेरच्या कोनाड्यात ठेव हो बाळ,' एवढेच मायेने म्हणाली. पुढच्या दिवाळीला तो आला नाही. त्या पोळीची चव आठवली की मला अजून तो कोनाडाही आठवतो.

बंद दाराची दुसरी आठवण वडिलांची आहे. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. २००४ साली आम्ही त्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या, सीडीवर घेतल्या आणि निर्धास्त झालो. हस्तलिखित पुढे घर बदलताना गेले. वडील वारल्यावर फाइल उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी! त्या काळी जो तो फॉन्टवाला देवनागरी अक्षरांना आपापले सांकेतिक क्रमांक देई. तो फॉन्ट नाही, तर मजकूरही नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच जागा होती. तिथे 'क' चा क्रमांक सगळ्या जगात एकच. पण आमच्या गल्लीपर्यंत ती वार्ता तेव्हा पोचली नव्हती.

माझ्या एका विद्यार्थ्याने खटपट करून बराचसा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून दिला. रफार भलतीकडे गेलेले, जोडाक्षरे मोडलेली. मी ओळीमागून ओळ दुरुस्त केली. एका वाक्यापाशी मात्र थांबलो आहे. वडील लिहितात, 'माझी आई फार' – मग तीन चौकोन – 'होती.' ती कडक होती की दुःखी, की आणखी काही? आजीचा मुलगा तिच्याविषयी काय म्हणत होता, ते त्या तीन चौकोनांत बंद आहे.

फोन मी परत करणार नाही. तो आवडतो मला. भिंतींच्या आतली शांतता हवीहवीशी वाटण्याचे माझे वय झाले आहे. मात्र दर रविवारी त्यातले फोटो आणि लिखाण कुठेही उघडेल अशा साध्या रूपात बाहेर काढून ठेवतो. उद्या मुलीला माझे काही वाचावेसे वाटले, तर तिला कुणाच्या दाराशी उभे राहावे लागू नये.

हा लेख त्याच फोनवर लिहिला. पूर्ण होताच सौभाग्यवतींच्या फोनवर पाठवला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "आला हो! सगळी अक्षरं दिसताहेत. आता सोवळं सोडा आणि करंज्या लाटायला या."